राहिलेला ठोका

असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे वाक्य इथे अनुभव पाठवणारा जवळपास प्रत्येक जण लिहितो. माझ्या लिहिण्याला त्याने वजन येणार नाही हे मला माहीत आहे. तरी नोंद असावी म्हणून सांगते. मी जालन्यात अनेक वर्षं बातमीदारी केली, नंतर डेस्कवर बसले. पिंपळाखाली बाई उभी दिसते, बुजवलेल्या विहिरीतून हाका येतात, अशा बातम्या तालुक्यांतून यायच्या आणि मी त्या वाचून बाजूला ठेवायचे. आमच्या घरी वडिलांनी अंगारा-गंडा कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. परीक्षेला निघताना शेजारणीने माझ्या कपाळाला लावलेली राख त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली होती आणि म्हणाले होते, "पेपर तू लिहिणार हायस का ही?" वडील गेले, ती सवय राहिली.

पुढे जे आहे ते भरदुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, माझ्याशिवाय आणखी माणसांच्या देखत घडलं. जे पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहिते. रुग्णालयाचं नाव देत नाही, मिलचंही नाही. माणसांची नावं बदलली आहेत.

माझा धाकटा भाऊ दिलीप जालन्याच्या एमआयडीसीत एका जुन्या लोखंडाच्या मिलमध्ये होता. भट्टीतून निघालेला लाल तुकडा रोलमधून दाबून काढतात. तो लांब होत जातो आणि शेवटी त्याची सळई होते. नव्या मिलमध्ये हे सगळं यंत्र करतं. दिलीपच्या मिलमध्ये रोलमधून बाहेर आलेलं लाल तोंड लांब चिमट्याने पकडून पुढच्या रोलमध्ये घालायचं काम माणसं करत होती. समोरासमोर दोघं उभे राहायचे. दिलीपच्या समोर रामकिसन असायचा.

रामकिसन मंठा तालुक्यातला. घरी मेंढरं होती. ती भावाकडे सोपवून तो मिलमध्ये आला होता. जालन्यातच मस्तगड भागात आमचं घर, तिथे तो बरेचदा जेवायला यायचा. मिलच्या आवाजाने त्याचे कान गेले होते, त्यामुळे तो साधं बोलायचा तेही ओरडून.

"वहिनी, वांगं एक नंबर झालंय," असं तो बसल्या जागेवरून ओरडायचा, तेव्हा माझी भावजय शोभा म्हणायची, "हळू बोला भाऊजी. गल्लीला ऐकू गेलं तर समदे ताट घेऊन येतील."

जेवण झालं की तो बोटाच्या पेराने स्टीलच्या ताटावर एक टिचकी मारायचा. ठण्. तेवढं झालं की दिलीप उठायचा. रामकिसनचं व्हायच्या आधी तो कधी ताटावरून उठला नाही. हा त्या दोघांचा मिलमधला खेळ असावा, एवढंच मी धरून चालले होते. त्याचा अर्थ मला नंतर कळला.

अपघात दिवसपाळीत झाला. सळईचं तोंड रोलमध्ये अडकलं, मागून येणारं लोखंड थांबलं नाही आणि सळई मधूनच फुगून बाहेर उसळली. अशी सुटलेली सळई शेडमध्ये कुठल्याही दिशेला जाते आणि वाटेत येईल त्याला कापते. रामकिसनने ती आधी पाहिली. शेजारच्या लोखंडी खांबावर त्याने चिमट्याने तीन ठोके दिले. तेवढ्या वेळात त्याला बाजूला होता आलं असतं. सळई त्याच्या पोटातून आरपार गेली आणि मागच्या पत्र्यात घुसून थांबली. तो उभ्या-उभ्या गेला. चिमटा हातातच होता.

दिलीप ठोके कळताच खाली पडला होता, म्हणून सळई त्याच्या पाठीवरून घासत गेली. पाठीची कातडी खांद्यापासून कमरेपर्यंत जळाली. त्यातच वरची लोखंडी जाळी त्याच्या अंगावर कोसळली. बरगड्या मोडल्या आणि एकीचं टोक फुफ्फुसात गेलं. त्याला उचलून आणलं तेव्हा तो बेशुद्ध होता. रामकिसन गेला हे त्याने पाहिलं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर ते त्याला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं.

अतिदक्षता विभाग म्हणजे एक लांबट हॉल. दोन्ही बाजूंना तीन-तीन खाटा, सातवी दाराजवळ आडवी. मधोमध सिस्टरचं टेबल. दिलीपची खाट दारापासून सर्वांत लांब, उत्तरेच्या भिंतीला लागून. छातीत नळी, तोंडावर दाबाने प्राणवायू देणारा घट्ट मास्क, आणि जळलेल्या पाठीमुळे एका कुशीवर. औषधं चालू होती, पण तो झोपत नव्हता. डोळे मिटायचा, अंग मात्र ताठ. हात लावला की पाण्यातून काढलेल्या दोरखंडासारखं घट्ट लागायचं.

विभाग डॉ. कुलथे यांच्याकडे होता. वय पस्तिशीच्या आसपास, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "श्वास घेण्यासाठी तो पूर्ण ताकद लावतोय. झोप नसेल तर ती ताकद संपणार. मग व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. आणि या छातीनं तो तिथून परत येईल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"झोपेचं औषध वाढवलं तर?"

"वाढवलं की श्वास मंद होतो. त्याला औषधाची नाही, खरी झोप पाहिजे. आणि या हॉलमध्ये ती कोणालाच मिळत नाही. ऐका जरा."

मी ऐकलं. मॉनिटरचे बीप, पंपाची ओरड, स्टीलचं स्टूल फरशीवर ओढल्याचा आवाज, पत्र्याची बादली, दाराबाहेर नातेवाइकांच्या मोबाइलवर भजन आणि लावणी एकदम. डॉक्टरांनी फोनवर आवाज मोजून पाहिला होता. म्हणाल्या, "बसस्टँडवर उभी राहून मोजला, तरी एवढाच भरला."

त्या आठवड्यात त्यांनी दुपारचे दोन तास 'शांत तास' म्हणून ठरवले. त्या तासांत तपासण्या नाहीत, राउंड नाही, सफाई नाही. अलार्म बारीक केले आणि मोठा आवाज फक्त टेबलावरच्या मॉनिटरला ठेवला. ट्रॉलीच्या चाकांना आणि स्टुलांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. पत्र्याच्या बादल्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या. औषधांच्या स्टीलच्या ट्रेमध्ये कापड अंथरलं. दाराजवळच्या कोपऱ्यात प्राणवायूचा मोठा राखीव सिलिंडर उभा असे. त्याची साखळी येता-जाता धक्का लागून खुळखुळायची. कोणीतरी तीही काढली आणि सिलिंडर भिंतीतल्या कडीला बँडेजच्या कापडाने बांधला. रुग्णांच्या कानांत कापूस, डोळ्यांवर पट्टी. ज्या ज्या वस्तूवर लोखंड लोखंडाला लागून वाजेल, ती प्रत्येक वस्तू शोधून काढली होती. मी स्वतः दोन दिवस हे काम पाहिलं, म्हणून खात्रीने लिहिते.

पहिल्या शांत तासाला बाकीचे रुग्ण खरोखर झोपले. समोरच्या खाटेवर परतूरच्या एक आजी होत्या, त्या घोरू लागल्या. दिलीपने मात्र डोळ्यांवरची पट्टी फाडली, मास्क ओढून काढला आणि सलाईन बघायला वाकलेल्या ब्रदर संतोषची मान दोन्ही हातांत पकडून त्याला खाली ओढलं. संतोषचं तोंड खाटेच्या कठड्यावर आपटलं. नाकाचं हाड मोडलं, पुढचा एक दात गेला. दिलीपने तरी सोडलं नाही. रक्ताने तोंड भरलेल्या त्या माणसाला तो आणखी खाली, फरशीकडे दाबत राहिला. त्याला सोडवायला तीन माणसं लागली.

दुसऱ्या दिवशी शोभा शेजारी होती. हॉल शांत झाला तसा त्याने तिच्या केसांना हात घातला आणि तिला खाटेवरून ओढून खाली आपटलं. तिचा खांदा निखळला. छातीची नळी ताणली गेली आणि तिच्या बाटलीत रक्त भरलं. मग त्याचे हात बँडेजने कठड्याला बांधले. मनगटं सोलली जाईपर्यंत तो ओढत राहिला.

अलार्म मोठे केले, दार उघडं टाकलं, बाहेरचा गोंगाट आत आला, की तो मारायचा थांबायचा. झोपत तेव्हाही नव्हता.

शोभा हात गळ्यात बांधून जिन्यात बसली होती. मी डबा उघडून तिच्यासमोर ठेवला.

"आक्का, यांनी मला मारलं न्हाई," ती म्हणाली.

"खांदा निखळलाय तुझा."

"ते खरंय. पण मारायचं असतं तर तोंडावर हाणलं असतं ना. हे मला खाली दाबून राह्यले होते. संतोषभाऊलाबी तसंच. वर आलं की खाली, वर आलं की खाली." तिने डाव्या हाताने घास तोडला, खाल्ला नाही. "घरी घोरतात तर पत्रे हलतात. हा माणूस झोपंना म्हणजे कायतरी बराबर न्हाई."

मग तिने मला मिलची रीत सांगितली. दिलीप तिला घरी येऊन सांगायचा, मला कधी सांगितली नव्हती. सळई सुटली की जो पहिला पाहील त्याने खांबावर तीन ठोके द्यायचे. मिलच्या गोंगाटात ते कानाला ऐकू येत नाहीत, पायातून आणि छातीतून कळतात. ठोके आले की प्रत्येकाने खाली पडायचं आणि शेजारी जो असेल त्याला मानेला धरून खाली ओढायचं, मग तो मालक का असेना. तेवढ्यात कोणीतरी मोटार बंद करतो आणि शेड एकदम शांत होते. त्या शांततेत डोकं वर काढायचं नाही. सळई कुठे जाऊन पडली, हे ज्याने ती आधी पाहिली त्यालाच नीट माहीत असतं. त्याने बघून, खात्री करून, एक ठोका द्यायचा. तो एक आला की उठायचं. दुसऱ्या कोणी तो द्यायचा नाही.

"रामकिसनभाऊजींनी तीन दिले," शोभा म्हणाली. "मंग एक कोण देणार? हे अजून पडूनच हायत, आक्का. मिलमधीच."

मी हे डॉ. कुलथेंना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "मेंदूला जागा कळत नसते तेव्हा शांतता म्हणजे मिल बंद पडली, असं त्याला वाटत असणार. शक्य आहे." मग त्यांनीच विचारलं, "मग तो एक ठोका आपणच दिला तर?"

दिलीपच्या सोबत्यांनी मिलमधून एक चिमटा आणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खाटेच्या लोखंडी पायावर एकदा मारला. हॉलमधली माणसं दचकली. दिलीपने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मास्कच्या आतून म्हणाला,

"आक्का, खेळ नको करू. हा त्याचा न्हाई. डोकं खाली घे."

तो चिमटा मी त्याच वेळी खाली गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला. तो हॉलमध्ये राहिला नव्हता, हे मुद्दाम लिहिते.

त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की रक्तातला प्राणवायू घसरतोय, आज दुपारी झोप लागली नाही तर संध्याकाळी व्हेंटिलेटर. एक शेवटचा प्रयत्न म्हणून शांत तासात त्याचे हात सोडायचे, कारण बांधल्याने तो जास्त लढत होता. मी शेजारी थांबायचं. तो मला ओढेल, हे धरूनच मी हो म्हटलं.

दुपार झाली. दिवे अर्धे झाले, अलार्म बारीक झाले, दार लागलं. टेबलाशी सिस्टर जयश्री बसली होती. नाकावर पट्टी लावलेला संतोष तिच्या शेजारी उभा राहून इंजेक्शनं भरत होता. मी दिलीपच्या खाटेपाशी, मधल्या वाटेच्या बाजूला उभी होते. सातवी खाट रिकामी होती, तिच्या उशाला कोपऱ्यात तो सिलिंडर.

शांतता झाली. दिलीपचं अंग ताठ झालं, पण त्याने हात उचलला नाही. तो उत्तरेच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीला खिडकी नाही. पलीकडे मोकळा प्लॉट आहे, त्यात वेडी बाभूळ आणि कोणीतरी टाकलेली वाळू. बाकी काही नाही.

मग आवाज आला. लोखंडावर लोखंड. तीन वेळा, सारख्या अंतराने. मोठा नव्हता, पण पायांखालच्या फरशीतून वर आला आणि माझ्या दातांत जाणवला. भिंतीच्या बाजूने आला, एवढं नक्की. जयश्रीने मान वर करून तिकडे पाहिलं. संतोषनेही पाहिलं.

पुढच्या क्षणी दिलीपने माझी वेणी हाताला गुंडाळली आणि मला ओढलं. मी तोंडावर आपटले. तो माझ्या अंगावर खाटेवरून कोसळला. छातीची नळी निघाली, मास्क तुटला, सलाईनचा स्टँड आमच्यावर पडला. त्याच्या कोपराने माझी मान फरशीवर दाबून धरली. माझा ओठ फाटला होता आणि त्याच्या छातीतून गरम रक्त माझ्या मानेवर येत होतं. "सिस्टर!" एवढं मी ओरडले असेन. जयश्री आणि संतोष धावत आले आणि त्याला सोडवायला खाली वाकले. दिलीपने मोकळ्या हाताने संतोषची कॉलर धरली आणि त्याला आमच्यावर पाडलं. जयश्रीच्या गुडघ्यावर लाथ मारून तिलाही पाडलं. आम्ही चौघं फरशीवर होतो.

तेव्हा सिलिंडर पडला.

बँडेजची गाठ सुटली होती. तो तिरपा होऊन सातव्या खाटेच्या कठड्यावर आदळला, गादीवर आडवा झाला आणि त्याचं पितळी तोंड तुटलं. स्फोटासारखा आवाज झाला. कोंडलेला वायू एकदम सुटला आणि तो माणसाएवढा लोखंडी नळा गादीच्या उंचीवरून हॉलच्या मधल्या वाटेने सरळ निघाला. टेबलावरचा कॉम्प्युटर, औषधांचे ट्रे, जयश्रीची खुर्ची — सगळं त्याने उडवलं. खुर्चीची पाठ पुढे छतातल्या जाळीत अडकलेली सापडली. आमच्या डोक्यांवरून तो गेला तेव्हा वाऱ्याने माझे कान बधिर झाले. उत्तरेच्या भिंतीत तो अर्धा घुसला. विटा फुटून आमच्या पाठीवर पडल्या.

संतोष उभा होता तिथे त्याच्या पोटाच्या उंचीवरून आणि मी उभी होते तिथे माझ्या बरगड्यांच्या उंचीवरून तो गेला होता. हे नंतर भिंतीवरचं भोक बघून कळलं.

धूळ होती. बाहेरून दार ठोठावत होते. सिलिंडर सुटताना सातवी खाट मागे दारावर आदळून चौकट वाकली होती आणि ते उघडत नव्हतं. एक रुग्ण किंचाळत होता. जयश्रीने उठायचा प्रयत्न केला. दिलीपने तिच्या तोंडावर पंजा ठेवून तिला परत खाली दाबलं.

"उठू नको," तो म्हणाला. मास्क नव्हता, आवाज फाटका होता. "आला न्हाई अजून."

त्याच्या अंगाचं ओझं माझ्यावर होतं. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि मधे मधे थांबत होता. तो संपत चालला आहे हे मला कळत होतं. तो हलू देत नव्हता. मी त्याला म्हटलं, "दिलीप, सोड, तुला धाप लागलीय, सोड." तो भिंतीकडे बघत होता.

आणि मग एक ठोका आला.

एकच. लोखंडावर लोखंड. आधीच्या तिन्हींसारखाच, पण थोडा हळू — ताटावर टिचकी मारावी तसा. ठण्.

दिलीपचे हात सुटले. त्याने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. ते ताठ अंग सैल पडलं, इतकं सैल की मला वाटलं गेला. दार तोडून डॉ. कुलथे आत आल्या त्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी मानेला बोटं लावली, काही क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, "झोपलाय."

त्याच्या छातीवर हाताने दाब ठेवून दोघांनी त्याला खाटेवर घेतलं. तिथेच, विटांच्या चुऱ्यात, त्यांनी नवी नळी घातली. त्या गोंधळात हॉलमध्ये शंभर आवाज होते. नातेवाईक ओरडत होते, काचा गोळा होत होत्या, सिलिंडर काढायला भिंत फोडत होते. दिलीप घोरत होता. शोभा एका हाताने खाटेचा कठडा धरून उभी होती आणि जो येईल त्याला सांगत होती, "घोरू द्या. बिलकुल उठवू नका." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो झोपला. प्राणवायू चढत गेला. व्हेंटिलेटर लावावा लागला नाही.

जाग आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "रामकिसन गेला का घरी?"

शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "गेले." पुढे तो सावरल्यावर आम्ही त्याला खरं सांगितलं. तो पुष्कळ वेळ रडला. पण त्याला नवल वाटलेलं मला दिसलं नाही.

आता जे तपासलं ते. हॉलमध्ये कॅमेरा होता. त्यात आवाज नोंदला जात नाही, चित्र दिसतं. चित्रात जयश्री, संतोष आणि मी, तिघं एकाच वेळी उत्तरेच्या भिंतीकडे मान वळवतो. त्या वेळी सिलिंडर कोपऱ्यात सरळ उभा आहे. गाठ बांधलेली दिसते. दिलीप मला ओढतो, दोघं धावत येतात, खाली पडतात, आणि मगच सिलिंडर हलतो. म्हणजे तीन ठोके सिलिंडरचे नव्हते. हे मी अनेकदा पाहून लिहिते आहे.

दिलीपला त्याच्या कोपऱ्यातून सिलिंडर दिसत नव्हता. त्याची पाठ तिकडे होती.

जयश्री आणि संतोषला मी वेगवेगळं विचारलं. दोघांनीही आधी तीन, नंतर एक, असं सांगितलं. परतूरच्या आजींच्या कानांत कापूस होता. मी काही न विचारता त्या सुनेला म्हणत होत्या, "कोण ठोकून राह्यलं व्हतं गं? छातीत वाजलं माह्या." भिंतीपलीकडच्या प्लॉटमध्ये मी दुसऱ्या दिवशी गेले. वाळूवर कुत्र्यांचे पाय उमटले होते, माणसाचे नव्हते.

शेवटच्या ठोक्याबद्दल एका इंजिनिअरने सांगितलं की वायू सुटल्यावर गार पडलेलं लोखंड आकसताना वाजू शकतं. तेव्हा सिलिंडर भिंतीत होता, त्यामुळे तो एक ठोका कदाचित त्याचा असेल. मी हे मान्य करते. आधीच्या तिन्हींना हे लागू पडत नाही. त्यांना काय लागू पडतं, हे मी विचारलेल्या कोणालाही सांगता आलं नाही. डॉ. कुलथेंनी सिलिंडरला नवी साखळी घालून घेतली. शांत तास त्यांनी चालू ठेवले आहेत. रुग्ण झोपतात.

दिलीप पुन्हा मिलमध्ये गेला नाही. चालता येऊ लागल्यावर त्याने मला मंठ्याकडे रामकिसनच्या घरी न्यायला सांगितलं. तिथे त्याच्या भावाने आम्हाला जेवायला बसवलं. जेवण झालं तरी दिलीप ताटावरून उठेना. भाऊ म्हणाला, "उठा की पाव्हणं, हात धुवा."

मग दिलीपने स्वतःच बोटाच्या पेराने ताटावर एक टिचकी मारली आणि उठला.

परत येताना गाडीत मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं, कोणी ठोकलं. बातमीदाराच्या सवयीने विचारलं. त्याने काच खाली घेतली.

"त्याचं काम राह्यलं व्हतं, आक्का," तो म्हणाला. "तो अर्धं सोडून जाणारा माणूस न्हाई."

माझ्याकडे याहून वेगळं उत्तर आजही नाही. आणि हे उत्तर मला मान्य आहे, असंही मी लिहू शकत नाही.